दिव्याच्या खोलीची किल्ली

"खेळ करणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही," चपला काढता काढताच साबडे म्हणाले. "खेळणारा चुकू दे, अडकू दे, वैतागू दे. तुम्ही मागे बसायचं. गप्प."

"बरं," मी म्हटलं.

"सगळे बरंच म्हणतात," ते म्हणाले आणि आत आले.

साबडे पुण्याहून आले होते. शाळकरी मुलांसाठी सीडी काढायचा त्यांचा धंदा होता. पाढे, व्याकरण, सूर्यमाला. त्या वर्षीच्या दिवाळीला त्यांना एक खेळ काढायचा होता. मराठीत, आणि बंदुका न चालवता डोकं चालवायचा. तसा एक खेळ मी आणि निनादने केला होता. निनाद माझा कॉलेजातला मित्र. तो प्रोग्रॅम लिहायचा आणि चित्रं काढायचा, मी गोष्ट आणि कोडी रचायचे. आमचं ऑफिस म्हणजे सांगलीतल्या आमच्या घराची पुढची खोली. दोन संगणक, एक पंखा, आणि भिंतीवर एका काल्पनिक बेटाचा नकाशा.

खेळाचं नाव होतं 'बेटावरचा दिवा'. कोकणातल्या एका बेटावरचा दीपस्तंभ अचानक बंद पडतो. खेळणाऱ्याने बेटावर उतरायचं, कोडी सोडवत वर पोचायचं आणि दिवा पेटवायचा. साबड्यांना तो आवडला तर दिवाळीत तो महाराष्ट्रभर जाणार होता. नाही आवडला तर निनादला बंगळूरची नोकरी तयार होती. सोमवारी त्याने तिकडे हो किंवा नाही कळवायचं होतं. त्या दिवशी शनिवार होता.

"खेळणारं माणूस कुठे आहे?" साबड्यांनी विचारलं.

खेळणारं माणूस मिरजेत होतं. निनादची मामेबहीण यायची होती. सकाळी तिला कांजिण्या उठल्या होत्या.

मी हे सांगत असताना आई आतून आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, इंदुमतीबाई. मी साबड्यांसमोर स्टीलच्या पेल्यात पाणी ठेवलं होतं. आईंनी पेला उचलला, "असू दे" म्हणाल्या, आत गेल्या आणि तेच पाणी काचेच्या ग्लासातून घेऊन आल्या. साबडे ते प्यायले. मग त्यांनी आईंकडे निरखून पाहिलं.

"यांनी पाहिलाय हा खेळ?"

"नाही," मी म्हटलं.

हे शंभर टक्के खरं होतं. त्या खोलीत पूर्वी माझ्या सासऱ्यांचा पलंग असायचा. ते गेल्यावर माझं लग्न झालं, आणि आईंनी आपणहून ती खोली आम्हाला कामासाठी दिली. देताना त्या म्हणाल्या होत्या, "तुमचं काम तुम्ही बघा." तो आशीर्वाद होता की इशारा, हे मला कळलं नव्हतं. आईंच्या बोलण्यावरून ते कळायची सोय नसायची. त्यानंतर त्यांनी आमच्या कामात डोकावूनही पाहिलं नव्हतं.

"वहिनी, कॉम्प्युटर येतो?" साबड्यांनी विचारलं.

"कचेरीत शेवटची काही वर्षं होता," आई म्हणाल्या. "नावं भरण्यापुरता."

आई जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. खिडकीतून कागद परत कसा करायचा, हे त्यांना चांगलं जमत असणार.

"मग बसता का? दोन-तीन तास जातील."

मला वाटलं, आई नाही म्हणतील. आईंनी गॅस बंद केल्याची खात्री करून घेतली, आणि येऊन बसल्या.

*

त्यांनी चष्मा पुसला. माऊस इस्त्री धरावी तसा धरला. मी आणि निनाद त्यांच्या मागे दोन खुर्च्यांवर बसलो. साबडे कोपऱ्यात, जिथून त्यांना पडदाही दिसत होता आणि आम्हीही.

बेटाच्या धक्क्यावर एक म्हातारा खलाशी बसलेला असतो. त्याच्यावर क्लिक केलं की तो बोलतो.

"नमस्कार," आई पडद्याला म्हणाल्या, आणि मग क्लिक केलं.

खलाशी म्हणाला, "दिवा चार दिवस बंद आहे. दिवेवाला तालुक्याला गेलाय. वरच्या खोलीची किल्ली भागीरथीकाकींकडे. पण काकींचं सगळं वेगळं असतं हो."

हे शेवटचं वाक्य मी लिहिलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. पुढच्या एका कोड्याची ती खूण होती. एवढीच.

पहिलं कोडं फाटकाचं होतं. फाटक तारेने बांधलेलं, बाजूच्या होडीत पक्कड. आईंनी फाटक पाहिलं, तार पाहिली, मागे जाऊन होडीतली पक्कड घेतली आणि फाटक उघडलं. मग वळून ते पुन्हा लावायचा प्रयत्न केला. खेळात फाटक लावता येत नव्हतं.

"गुरं शिरतील," आई म्हणाल्या.

दुसरं कोडं विहिरीचं. बादली आहे, दोर नाही. अंगणात दोरीवर एक नऊवारी वाळत घातलेली. ती बादलीला बांधायची. आईंनी लुगडं बघितलं. बादली बघितली. मग हात माऊसवरून काढून मांडीवर ठेवला.

"हे कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

साबडे छताकडे बघत होते.

आई घराच्या दारापर्यंत गेल्या, दार वाजवायचा प्रयत्न केला, आवाज आला नाही. धक्क्यावर जाऊन खलाशाला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "दिवा चार दिवस बंद आहे." शेवटी त्या परत आल्या, लुगडं उचललं आणि म्हणाल्या, "परत आणून ठेवीन." पाणी काढून झाल्यावर त्या खरोखरच ते वाळत घालायला गेल्या. खेळ म्हणाला, "याची आता गरज नाही."

"तुला नसेल," आई म्हणाल्या.

निनादने माझ्याकडे बघितलं. आम्ही आठ महिने हा खेळ करत होतो आणि लुगडं परत करणारं कुणी असेल हे आमच्या मनातही आलं नव्हतं.

तरीही सगळं छान चाललं होतं. आई अडत होत्या, पण थोड्या वेळाने सुटत होत्या. एकदा तर कोनाड्यातली पणती कशासाठी आहे ते कळल्यावर त्या स्वतःशीच हसल्या. मी लग्नानंतर त्यांना असं हसताना पहिल्यांदा पाहत होते, तेही पाठीमागून.

मग त्या काकींच्या स्वयंपाकघरात पोचल्या.

*

या कोड्यावरून माझं आणि निनादचं बरंच वाजलं होतं. किल्ली काकींच्या कमरेला असते. त्या म्हणतात, "आधी चहा ठेव, मग बोलू." फळीवर चार भांडी. एक पितळी पातेलं, एक किटली, एक मोठं पातेलं आणि एक छोटं, सैल दांड्याचं. त्यातलं एकच बरोबर. शिवाय गूळ की साखर, दूध आधी की नंतर, हेही बरोबर यावं लागायचं. चुकलं की काकी पुढे येतात, चहा ओतून देतात, भांडं घासून पालथं घालतात, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"हे कुणाला सुटणार नाही," निनाद म्हणाला होता.

"म्हणूनच चांगलं आहे," मी म्हटलं होतं. "लगेच सुटलं तर त्याला कोडं कशाला म्हणायचं?"

माझं तेव्हा ठाम मत होतं, की कोडं रचणाऱ्याने काही बोलू नये. खेळणाऱ्याच्या बुद्धीचा मान ठेवावा. त्याचं त्याला कळेल.

आईंनी पितळी पातेलं घेतलं, पाणी, साखर, दूध. काकी पुढे आल्या.

"असू दे," काकी म्हणाल्या, आणि चहा ओतून दिला.

काकींचा आवाज माझा होता. बाहेरून कुणाला बोलावणं आम्हाला परवडलं नव्हतं.

आईंनी किटली घेतली. "असू दे." मोठं पातेलं घेतलं, गूळ घातला. "असू दे." पुन्हा पितळी, या वेळी गूळ. "असू दे." प्रत्येक वेळी भांडं घासून पालथं घातल्याचा आवाज यायचा. तो निनादने आमच्याच मोरीत रेकॉर्ड केला होता.

अर्धा तास झाला असेल. आई पद्धतशीर चालल्या होत्या, फक्त सैल दांड्याच्या भांड्याला हात लावत नव्हत्या. मध्ये त्यांनी दूध आधी घालून पाहिलं. काहीच न करता नुसतं उभं राहून पाहिलं. काकी तशाच उभ्या राहिल्या. मग आईंनी पुन्हा किटली घेतली, या वेळी गूळ.

"असू दे," काकी म्हणाल्या.

आईंनी माऊस सोडला. हाताची घडी घातली. पडद्याकडे बघत राहिल्या. पंख्याचा आवाज येत होता.

"शलाका," आई न वळता म्हणाल्या. "ही बाई मी आहे का?"

निनाद स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. त्याने बूट घातले नव्हते.

"आई," मी म्हटलं, "मला बोलायची परवानगी नाही."

आईंनी साबड्यांकडे पाहिलं.

"नियम आहे, वहिनी," साबडे म्हणाले. "खेळ चालू असताना नाही."

"ठीक आहे," आई म्हणाल्या. "मग मी खेळते."

त्यांनी पुन्हा माऊस हातात घेतला. या वेळी त्या जरासुद्धा थांबल्या नाहीत. सैल दांड्याचं छोटं पातेलं घेतलं. पाणी कमी. गूळ. उकळी. दूध सगळ्यात शेवटी, आणि वरून. हे सगळं त्यांनी आपल्या ओट्याशी उभं राहिल्यासारखं केलं.

काकींनी चहा घेतला, एक घोट प्यायल्या, आणि कमरेची किल्ली काढून दिली.

खेळ करायला घेतल्यापासून ते कोडं स्वतः सोडवणाऱ्या आई या पहिल्याच होत्या. निनादलाही मी उत्तर सांगितल्यावरच जमलं होतं.

"सुटलं," आई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

साबडे उठले आणि पडद्याजवळ आले. "कसं सुटलं, वहिनी?"

"मी माझ्यासारखा चहा केला."

साबड्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवली. मग माझ्याकडे वळले.

"बाकी खेळ मी घेतो," ते म्हणाले. "हे असं नाही घेणार. यांना उत्तर खेळात मिळालं नाही, घरात मिळालं. प्रत्येक सीडीबरोबर मी वहिनींना कुठून पाठवू?"

"मग हे काढून टाकतो," निनाद घाईने म्हणाला.

"काढलं तर किल्ली कशी मिळणार? खेळाचं पोटच ते आहे." त्यांनी घड्याळ पाहिलं. "माझी गाडी संध्याकाळची. मी गणपतीचं दर्शन घेऊन येतो, कुठेतरी जेवतो. तोवर काही होतं का बघा. आल्यावर मला दुसरं नवीन माणूस लागेल."

ते गेले. फाटक लावल्याचा आवाज आला.

*

आई खुर्चीतून उठल्या नव्हत्या.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. आमच्यात तोवर एकदाही भांडण झालं नव्हतं, त्यामुळे कसं सुरू करायचं याची दोघींनाही सवय नव्हती. मी निनादला म्हटलं, "काकींचे संवाद उघड." तेवढं तरी मला येत होतं.

मी घाईघाईने लिहायला लागले. खेळणारा आत आला की काकी म्हणणार, 'छोटं पातेलं घे. पाणी अर्धं. साखर नको, गूळ घाल. दूध शेवटी.' निनादने ते वाचलं आणि म्हणाला, "आता हे भिंतीलासुद्धा सुटेल."

"वेळ नाही आपल्याकडे."

"असं नको," आई म्हणाल्या.

आम्ही दोघंही वळलो.

"असं सगळं सांगून टाकलं तर खेळायचं कशाला? त्यापेक्षा मग तुम्हीच चहा करा आणि तुम्हीच प्या." त्यांनी माऊस बाजूला सारला. "माझ्या सासूबाई अशा होत्या."

माझं टायपिंग थांबलं.

"पाणी किती, आच किती, चमचा कुठल्या हाताने धरायचा. मी चहा ठेवायला गेले की त्या मागे उभ्या. बोलायला वाईट नव्हत्या. मायेनेच सांगायच्या. पण सगळं सांगायच्या. त्या होत्या तोवर त्यांनी सांगितल्याशिवाय मी या घरात एक गोष्ट केली नाही. त्या गेल्यावर एकदा दुपारी मी एकटी ओट्याशी उभी राहिले, तर मला कळेना की मला स्वतःला चहा कसा आवडतो. चाळिशी उलटली होती माझी."

निनादने पडद्यावर काहीतरी फार महत्त्वाचं शोधायला घेतलं.

"मग मी करून बघितला. या भांड्यात, त्या भांड्यात. गूळ घालून. पुष्कळ दिवस लागले. पण माझा मला सापडला." आई माझ्याकडे बघत नव्हत्या. "तेव्हाच ठरवलं, श्रीरंगची बायको येईल तिला आपण एक अक्षर सांगायचं नाही. तिचं तिला सापडू दे. मला वाटायचं, मी तुला मोकळं सोडलंय."

श्रीरंग माझा नवरा. तो त्या दिवशी कारखान्यात ड्यूटीवर होता, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही सांगत नाही हे खरं. पण मी केलेलं तुम्ही पुन्हा करता."

"चुकलेलं असतं म्हणून."

"काय चुकलं ते मला कळत नाही."

"विचारायचं."

"विचारलं की तुम्ही 'असू दे' म्हणता."

आई काहीतरी म्हणणार होत्या. त्यांचे ओठ 'अ'वर आले आणि तिथेच थांबले. मग त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"सकाळचा पेला," मी म्हटलं. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. "पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यात पाणी का चालत नाही? मी किती दिवस विचार करतेय. सोवळ्याचं काही आहे का, की ते पेले तुमच्या माहेरचे आहेत..."

"त्याला पोचा आलाय," आई म्हणाल्या. "कडेला. ओठाला लागतो."

"एवढंच?"

"एवढंच."

मी हसले की रडले ते आता सांगता येणार नाही. निनादला विचारलं तर तो म्हणतो, मी शिंकले.

"म्हणजे मी सांगायला हवं होतं," आई म्हणाल्या.

"सांगायला नको," मी म्हटलं. आणि हे बोलत असतानाच मला ते पहिल्यांदा कळत होतं. "दिसायला हवं होतं. तो पेला तुम्ही माझ्या हातात दिला असतात तरी माझं मला कळलं असतं."

*

मग आम्ही तिघं कामाला बसलो. पुढचे काही तास आई त्या खोलीतून हलल्या नाहीत. जेवायला निनादने कोपऱ्यावरून भडंग आणलं.

"तुमची भांडीच खोटी आहेत," आई निनादला म्हणाल्या. "चारही सारखी चकचकीत. अशी कुणाच्या घरी असतात?"

निनादने एक भांडं काढून त्याचाच आकार बदलून चार केली होती. त्याने ते कबूल केलं नाही, पण कान लाल झाले.

रोजचं भांडं बुडाला काळं असतं. ते हाताला येईल असं खाली असतं. बाकीची वर, धुळीत. निनाद चित्र बदलायला लागला. मी काकींचे शब्द घेतले. चूक झाली की नुसतं 'असू दे' नाही. पितळी पातेलं घेतलं तर काकी म्हणणार, "ते सणावाराचं, बाळ." किटली घेतली तर, "तिच्या तोटीतून गळतं." मोठं पातेलं घेतलं तर, "एवढा चहा प्यायचा कुणी? दोन माणसं आपण." प्रत्येक चुकीच्या उत्तरातून पुढचं काहीतरी कळायला हवं होतं. माणूस चुकला तरी रिकाम्या हाताने परत जाता कामा नये.

"आणि गूळ?" मी विचारलं. "गूळ कसा कळणार?"

"साखरेच्या डब्यावर मुंग्या दाखवा," निनाद म्हणाला.

"माझ्या घरात मुंग्या नाहीत," आई म्हणाल्या.

"हे तुमचं घर नाहीये, काकू."

"मग चहा माझा कसा?"

शेवटी साखरेचा डबा रिकामा ठेवला. बेट आहे, बोट चार दिवस आलेली नाही, साखर संपणारच. हे आईंचं. दुधाची अट आम्ही काढून टाकली. आई म्हणाल्या, दूध कधी घालायचं यावरून किल्ली अडवून ठेवणं जरा अतीच होतं. मी ती ओळ खोडली.

आवाज पुन्हा रेकॉर्ड करायचा होता. मी माइकसमोर बसले आणि "ते सणावाराचं, बाळ" म्हटलं. माझ्या तोंडी ते खिडकीवरून कागद परत केल्यासारखं आलं. दोनदा, तीनदा.

"सरक," आई म्हणाल्या.

त्यांनी ते एकदाच म्हटलं. आम्ही तेच ठेवलं.

*

साबडे साडेपाचच्या सुमाराला परत आले, हातात पेढ्यांचा पुडा. नवीन माणूस म्हणून आम्ही शेजारच्या पटवर्धन वकिलांना आणलं होतं. पटवर्धन वकील प्रत्येक गोष्टीवर आक्षेप घेणारे गृहस्थ होते. ते बसतानाच म्हणाले, "असल्या खेळांनी मुलं बिघडतात." आणि खेळायला लागले.

आता आईही आमच्या रांगेत मागे बसल्या होत्या.

"वहिनी, तुम्हालाही नियम लागू," साबडे म्हणाले. "तुम्ही आता करणाऱ्यांपैकी."

"मला माहितेय," आई म्हणाल्या.

वकिलांनी स्वयंपाकघरात येऊन थेट मोठं पातेलं उचललं. आईंनी पदर तोंडावर धरला. काकी आईंच्या आवाजात म्हणाल्या, "एवढा चहा प्यायचा कुणी? दोन माणसं आपण."

"हा तर इंदुमतीबाईंचा आवाज," वकील म्हणाले. त्यांनी किटली घेतली. गळते. पितळी पातेलं. सणावाराचं. वकील खुर्चीत मागे रेलले. फळी पाहू लागले. बुडाला काळं झालेलं छोटं पातेलं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आईंनी पदराचा बोळा करून तोंडात धरला होता आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट. इतकं घट्ट, की माझी बांगडी रुतत होती.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगता येत नसताना बघत बसणं म्हणजे काय, याची दोघींनाही बऱ्यापैकी कल्पना होती. पण एकाच बाजूला बसून आम्ही ते पहिल्यांदाच करत होतो.

वकील पुढे वाकले. चष्मा कपाळावर सरकवला. पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"हात्तिच्या!" ते म्हणाले.

आणि छोटं पातेलं उचललं.

कोपऱ्यातून साबड्यांनी समाधानाने श्वास सोडला. नंतर मी कोड्यांचीच कामं करत राहिले, वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या लोकांबरोबर. पण चांगलं कोडं कुठलं हे ओळखायचं माझं माप तेच राहिलं. उत्तर कळल्यावर माणसाने 'मला कसं कळणार होतं?' असं म्हणता कामा नये. त्याने 'हात्तिच्या' म्हणायला हवं. उत्तर सगळा वेळ त्याच्या समोर होतं आणि ते त्यालाच सापडलं, हे दोन्ही त्यात येतं.

वकिलांनी वर जाऊन दिवा पेटवला आणि म्हणाले, "फार काही अवघड नाही." ते जाताना दोन पेढे घेऊन गेले.

साबड्यांनी खेळ घेतला. निनादने बंगळूरला नाही कळवलं. दोन वर्षांनी तो गेलाच, पण ती वेगळी गोष्ट. घरात लगेच काही चमत्कार झाला असं नाही. आईंच्या तोंडून 'असू दे' येतच राहिलं, फक्त त्याच्यामागे काहीतरी यायला लागलं. "असू दे, त्याला ऊन लागतं." "असू दे, ती विळी बोथट आहे." कधी अर्ध्या तासाने, दुसऱ्याच खोलीतून. मीही विचारायला शिकले. आमचं पहिलं भांडण त्याच महिन्यात झालं, आणि चांगलं जोरात झालं.

दिवाळीनंतर फोन यायला लागले. सीडीच्या वेष्टनावर साबड्यांनी मदतीसाठी म्हणून आमच्या घरचा नंबर छापला होता, आम्हाला न विचारता. बहुतेक फोन शाळेच्या पोरांचे. मी पटकन उत्तर सांगून मोकळी व्हायचे. कामं पडलेली असायची.

एका दुपारी फोन आईंनी घेतला. जालन्याहून एक बाई बोलत होत्या. मुलांसाठी आणलेला खेळ मुलं शाळेत गेल्यावर त्या स्वतःच खेळत होत्या, आणि अगदी शेवटी, दिव्याच्या खोलीत अडकल्या होत्या. त्यांचा आवाज मला ओट्यापाशीसुद्धा ऐकू येत होता. सगळं करून झालंय हो, दिवा काही पेटत नाही, आणि मुलं यायची वेळ झाली.

आईंनी पायाने खुर्ची ओढली आणि बसल्या.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता तुमच्यासमोर काय काय दिसतंय, ते मला सांगा."

त्या बाई सांगत होत्या. आई "हं" म्हणत होत्या. मग पलीकडचं बोलणं थांबलं. आईही काही बोलेनात. रिसीव्हर कानाला लावून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. एक मिनिट गेलं असेल, जास्तही असेल. जालन्याचा फोन, बिल त्या बाईंचं. मला राहवेना. मी हात पुसत जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "आई, सांगून टाका ना. काच पुसायची आहे फक्त."

आईंनी रिसीव्हरवर तळवा ठेवला.

"थांब," त्या म्हणाल्या. "बघतेय ती."